कडव्यातला दगड

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गायनवृंद हाती घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तू 'ये, सर्व आशीर्वादांच्या झऱ्या' या जुन्या इंग्रजी गीतातल्या एका ओळीपाशी थांबलीस याचा मला फार आनंद झाला. बहुतेक जण ती ओळ सुरात गाऊन पुढे निघून जातात. तू लिहितेस, "'इथे मी माझा एबन-एजर उभारतो' हे कुणालाच कळत नाही. नव्या गीतपुस्तकांत ती ओळ बदललेली आहे. मीही बदलू का?"

बदलू नकोस. का, ते सांगायला मला जरा सावकाश लिहावं लागेल.

मी सोळा वर्षांचा असताना ज्या वृंदात गात होतो, तिथल्या गीतपुस्तकांत नेमक्या याच ओळीवर कागदाची पट्टी डकवलेली होती. पट्टीवर शाईने दुसरी, सोपी ओळ लिहिलेली. खळ जुनी झाल्याने एक कोपरा सुटला होता. प्रवचन चालू असताना मी नखाने तो उचलला आणि खालचा छापील शब्द पाहिला. घरी जाऊन कुणाला तरी अर्थ विचारला, त्यांनाही ठाऊक नव्हता. शेवटी बायबलची शब्दसूची उघडली. तिथून १ शमुवेल हे बायबलमधलं पुस्तक, सातवा अध्याय, बारावी ओवी. हे गीत मला खऱ्या अर्थाने मिळालं ते त्या दिवशी.

ते रचलं रॉबर्ट रॉबिन्सनने, १७५८ च्या सुमारास, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी. म्हणजे तुझ्याच वयाचा मुलगा. त्याच्यासमोर किंग जेम्स बायबल, म्हणजे बायबलचं जुनं इंग्रजी भाषांतर, होतं आणि त्याच्या श्रोत्यांना ते जवळजवळ तोंडपाठ होतं. त्यांच्यासाठी हा शब्द अवघड नव्हताच. आपल्या घरी नुसतं 'लक्ष्मणरेषा' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, तसंच ते.

सातव्या अध्यायात मिस्पा इथे इस्राएल लोक जमले आहेत, उपास करताहेत, पाप कबूल करताहेत. तेवढ्यात त्यांचे शत्रू पलिष्टी चाल करून येतात. संदेष्टा शमुवेल एक कोकरू अर्पण करतो, आकाशात प्रचंड गडगडाट होतो आणि शत्रूची दाणादाण उडते. मग शमुवेल एक धोंडा घेऊन मिस्पा आणि शेन यांच्या मध्ये उभा करतो आणि त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड, असं नाव देतो. कारण सांगताना तो म्हणतो, येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केलं.

इथवर तुला कोणताही टीपाग्रंथ सांगेल. पण आता तीन अध्याय मागे जा. चौथ्या अध्यायात हेच नाव आधीच येऊन गेलं आहे. इस्राएलची छावणी एबन-एजरजवळच पडलेली असते. पहिल्या लढाईत सुमारे ४,००० माणसं पडतात. मग लोक शिलोहून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेला पवित्र संदूक, छावणीत आणतात, जणू तो आणला की देवाला जिंकून द्यावंच लागेल. दुसऱ्या लढाईत ३०,००० पडतात, कोश शत्रूच्या हाती जातो, आणि बातमी ऐकून ९८ वर्षांचा याजक एली आसनावरून मागे पडून मरतो. त्याची सून मरता मरता बाळाचं नाव ईखाबोद ठेवते, कारण इस्राएलचं वैभव गेलं. पाचव्या अध्यायाची सुरुवातच मुळी कोश एबन-एजरहून अश्दोदला नेला, अशी आहे.

ही दोन ठिकाणं एकच की वेगळी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नाव मात्र एकच आहे, आणि कथा सांगणाऱ्याने ते दोन्हीकडे वापरलं आहे. ज्या नावाशी सगळ्यात मोठा पराभव जोडला गेला, तेच नाव वीस वर्षं उलटल्यावर शमुवेल त्या दगडाला देतो. हे कळल्यापासून ती ओळ गाताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

आणखी एक शब्द बघ: 'येथवर'. शमुवेल 'सदासर्वदा' म्हणत नाही, पुढच्या वाटेबद्दल तो बोलतच नाही. मागे वळून, चालून झालेल्या रस्त्यापुरतं बोलतो. रॉबिन्सनने हे बरोबर हेरलं आहे. दगड उभारल्यावर लगेच तो म्हणतो की तुझ्या साहाय्याने इथवर आलो, आणि घरी सुखरूप पोचेन अशी आशा आहे. आशा, खात्री नव्हे. पुढच्याच कडव्यात तर तो आपलं मन भटकतं हे उघड कबूल करतो. काही नव्या पुस्तकांत दगडाच्या जागी वेदी आली, काहींत 'सर्वांत मोठं धन' आलं. अर्थ वाईट नाही, पण 'येथवर' गेलं. उरला तो कुणाच्याही तोंडी शोभेल असा आनंद, वीस वर्षांनी परत आलेल्या माणसाचा नव्हे.

दुसरा दगड तू दुसऱ्या एका गीतात गायलीच आहेस. सारा फ्लॉवर ॲडम्स यांचं १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'देवा, तुझ्या अधिक जवळ' हे गीत. त्यात 'माझ्या दगडी दुःखांतून मी बेथेल उभारीन' अशी ओळ आहे आणि लोकांना ती अलंकारिक वाटते. पण ते सबंध गीत म्हणजे इस्राएलचा पूर्वज याकोब याची एक रात्र आहे, बायबलच्या पहिल्या पुस्तकातली, उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायातली. सूर्य मावळलेला, भटका प्रवासी, उशाला दगड, स्वर्गापर्यंत जाणारी शिडी, देवदूत: एकेक कडवं त्या क्रमाने चालतं. पुढे 'बेथेल', म्हणजे देवाचं घर, येतं कारण सकाळी याकोब उठतो, उशाचा तोच दगड उचलून स्तंभासारखा उभा करतो आणि त्यावर तेल ओततो. दुसरा, चांगला दगड शोधायला तो जात नाही. रात्रभर मानेखाली रुतला तोच. आणि हा याकोब कुणी संत नाही. बापाला फसवून, भावाच्या रागापासून पळ काढून तो तिथे पोचला आहे. अंत्यविधीला हे गीत गाशील तेव्हा एवढं मनात असू दे.

तिसरा, 'युगायुगांचा खडक' या गीतातला. ऑगस्टस टॉपलेडी या इंग्रज धर्मगुरूने ते १७७६ मध्ये पूर्ण छापलं. किंग जेम्स बायबलच्या मुख्य मजकुरात हे शब्द शोधशील तर सापडणार नाहीत. यशया २६:४ मध्ये तिथे 'सार्वकालिक सामर्थ्य' आहे; मूळ हिब्रूत 'युगांचा खडक' आहे हे त्या बायबलच्या समासात बारीक अक्षरात दिलं होतं. एवढं लाडकं गीत समासातल्या टिपेच्या शब्दांनी सुरू होतं! टॉपलेडीने वादळात एका घळीत आसरा घेतला आणि तिथेच गीत सुचलं, ही गोष्ट तुला सगळीकडे भेटेल. तिला पुरावा नाही, आणि गीताला तिची गरजही नाही. खडकातली भेग निर्गम ३३ मध्ये आहे, तिथे देव मोशेला लपवतो आणि आपलं तेज जाईपर्यंत हाताने झाकून ठेवतो. निर्गम १७ मध्ये मोशे खडकावर काठी मारतो आणि पाणी येतं. तो खडक ख्रिस्त होता, असं पौल करिंथकरांना लिहितो. आणि योहान १९ मध्ये क्रुसावरच्या येशूला भाला लागतो तेव्हा कुशीतून रक्त आणि पाणी बाहेर येतं. या सगळ्या वाटा टॉपलेडीने एका कडव्यात आणून सोडल्या आहेत. मी हे गीत पन्नास वर्षं गातो आहे आणि पहिल्या कडव्यातून अजून पूर्ण बाहेर आलेलो नाही.

गिलादच्या मलमाबद्दल तू विचारलंस, थोडक्यात सांगतो. यार्देन नदीच्या पूर्वेचा तो प्रदेश मलमासाठी प्रसिद्ध होता. याकोबाचा मुलगा योसेफ याला विकत घेणारा काफिलाही तेच मिसरला नेत होता. यिर्मया ८:२२ मध्ये संदेष्टा विचारतो, गिलादात मलम नाही काय? तिथे वैद्य नाही काय? उत्तर येत नाही, अध्याय दुःखातच संपतो. अमेरिकेतल्या गुलाम आफ्रिकी लोकांच्या गीताने त्या प्रश्नाला उत्तर दिलं: आहे, मलम आहे. प्रश्न न वाचता नुसतं उत्तर गायलं तर ते फार स्वस्त वाटतं.

सगळेच बदल वाईट असं मात्र मी म्हणत नाही. चार्ल्स वेस्लीच्या 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' या नाताळगीताची पहिली ओळ १७३९ मध्ये 'वेल्किन' या आकाशासाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दाने सजली होती. जॉर्ज व्हाइटफील्डने ती १७५३ मध्ये बदलली आणि त्यात काही हरवलं नाही. त्या शब्दामागे बायबलमधली कुठली घटना उभी नव्हती, तो फक्त जुना झाला होता. त्याच गीतात 'पंखांत आरोग्य घेऊन उगवला' असं येतं, ते मात्र मलाखी ४:२ मधल्या न्याय्यत्वाच्या सूर्याबद्दल आहे. इंग्रजीत सूर्य आणि पुत्र हे शब्द सारखेच ऐकू येत असल्याने पुष्कळांना तिथे पुत्रच ऐकू येतो. मराठीत आपल्याला ही अडचण नाही. ती ओळ कुणी 'सोपी' करायला निघालं तर तू आडवी ये.

आता रविवारचं. गीत सुरू करण्याआधी दोन वाक्यं बोल, त्याहून जास्त नको: शमुवेलाने कुठला दगड का उभा केला, आणि त्याआधी त्या नावाशी काय जोडलेलं होतं. लगेच सूर दे. समजावण्यात वेळ गेला तर लोक गायचं विसरून ऐकत बसतील. वृंदाला मात्र सरावाच्या दिवशी दोन्ही अध्याय मोठ्याने वाचून दाखव. तो पाठ पहिल्यांदा वाचणारं कुणीतरी ३०,००० च्या आकड्यापाशी थबकेल, तिथे घाई करू नकोस. त्या कडव्यात पेटी थोडी मागे ठेव, शब्द स्वच्छ ऐकू येऊ देत.

आणि तू स्वतः आज रात्री चौथा आणि सातवा वाचशील तेव्हा मधले दोन गाळू नकोस. सहाव्यात दोन दुभत्या गायी आहेत, कधी जू न पाहिलेल्या. वासरं घरी कोंडलेली, आणि त्या हंबरत हंबरत कोशाची गाडी ओढत सरळ जातात, उजवीकडे नाही की डावीकडे नाही. त्यांच्यावर कुणी गीत लिहिलं आहे का, मी अजून शोधतो आहे. तुला सापडलं तर कळव.

तुझा,
जुना गाणारा सोबती