वाचक विचारतात : दानावर जगून दान?

प्रश्न : ताई नमस्कार, तैवानच्या चेंग येन या बौद्ध भिक्षुणींबद्दल थोडंफार वाचलं, हॉस्पिटल काय, भूकंपात मदत काय, बरंच उभं केलंय त्यांनी. त्यावरनं आमच्या घरी वाद झाला. माझं म्हणणं, संसार सोडला तर ध्यान करत बसावं ना, हा व्याप कशाला? सासूबाई म्हणतात, लोकांच्या दानावर जगायचं आणि तेच दुसऱ्याला द्यायचं, यात तिच्या पदरचं काय गेलं? जरा सांगाल का?
– एक वाचक

उत्तर : सासूबाईंपासूनच सुरू करते, त्यांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. चेंग येन आणि त्यांच्या शिष्या स्वतःच्या पोटासाठी दान घेतच नाहीत! काम नाही तर जेवण नाही हा चिनी बौद्ध विहारांतला जुना नियम, तो त्या आजही पाळतात, मेणबत्त्या वगैरे बनवून विहाराचा खर्च चालवतात आणि लोकांनी दिलेला पैसा सगळा मदतकार्याला जातो. १९६६ मध्ये तैवानमधल्या हुआलिएनला ‘त्झू ची’ ही त्यांची मदतकार्याची संस्था सुरू झाली तेव्हा त्या मिळून ६ जणी होत्या, लहान बाळांचे बूट शिवायच्या, मग ठरलं की प्रत्येकीनं रोज १ जोड जास्त शिवायचा, जोडाला ४ तैवानी डॉलर म्हणजे दिवसाला २४. पदरचं गेलं ते हे, आणि तेही स्वतःचेच हाल चालू असताना.

सोबत ३० गृहिणी होत्या. त्यांना बांबूचे गल्ले दिले आणि सांगितलं की बाजाराला निघताना रोज अर्धा डॉलर यात टाका. एकीनं विचारलं, महिन्याचे एकदम १५ दिले तर नाही का चालणार? चेंग येन नाही म्हणाल्या, कारण एकदम दिले तर दुसऱ्याचा विचार महिन्यातनं एकदाच येणार, रोज टाकले तर रोज येणार. मला स्वतःला त्यांच्या सगळ्या कामात ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, हॉस्पिटलपेक्षाही. पुढे हॉस्पिटलसाठी जपानमधल्या एकांनी २० कोटी अमेरिकन डॉलर देऊ केले होते तेही त्यांनी नाकारले, पैशांची नड असताना बरं का, कारण हजारो लोकांना आपापला वाटा उचलू द्यायचा होता. १९८६ ला ते हॉस्पिटल सुरू झालं, आणि आधी डिपॉझिट भरा मग ॲडमिट करू ही पद्धत तिथं ठेवलीच नाही.

आता तुमचा प्रश्न. चेंग येन यांचा जन्म १९३७ चा, २३ व्या वर्षी वडील अचानक गेले तेव्हापासून त्या धर्माकडे वळल्या, घरच्यांचा विरोध असताना घर सोडलं. १९६३ मध्ये त्यांना यिन शुन हे गुरू मिळाले, तेही दीक्षेसाठी नाव नोंदवायची वेळ संपता संपता, बोलायला निवांत वेळच नव्हता, म्हणून गुरूंनी एवढंच सांगितलं की जे करशील ते बौद्ध धर्मासाठी आणि सगळ्या जीवांसाठी कर. म्हणजे तुम्ही ज्याला व्याप म्हणताय ती त्यांना दीक्षेच्या वेळीच मिळालेली आज्ञा आहे, साधना सोडून केलेलं काही नाही.

आणि एक राहिलं, सासूबाईंना आवर्जून सांगा. त्झू चीचे स्वयंसेवक मदतीचं सामान दोन्ही हातांनी देतात, देताना कमरेत वाकतात आणि घेणाऱ्याचे आभार मानतात.