कोणती संख्या मोठी : ०.३५ की ०.४?

प्रश्न : मी सहावीला गणित शिकवते. वर्गात चर्चा घ्यायची म्हटलं की तीन-चार मुलंच बोलतात, बाकीची गप्प. काय करावं?

उत्तर : मतभेद होईल असाच प्रश्न निवडा. वर शीर्षकात दिलेला प्रश्न त्यासाठी हुकमी आहे. ३५ हे ४ पेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठी, असं बरीच मुलं अगदी मनापासून मानतात.

पहिली २ मिनिटं कुणीच बोलायचं नाही. प्रत्येकाने वहीत उत्तर आणि एका ओळीत कारण लिहायचं. ही पायरी गाळली की पहिला हात वर करणाऱ्याचं उत्तर सगळ्या वर्गाचं होऊन बसतं. मग हात मोजून दोन्ही बाजूंचे आकडे फळ्यावर मांडा. या वेळी तुमच्या तोंडून ‘छान!’ निघालं, की वाद तिथेच संपला.

कमी हात असलेल्या बाजूला आधी बोलू द्या. पुढच्याने आधीच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, मगच ‘पटलं नाही, कारण...’ म्हणायचं. गाडी अडली तर १०० चौकटींचा कागद द्या. ०.४ साठी ४० चौकटी रंगवाव्या लागतात, ०.३५ साठी ३५. रुपये-पैशांचं उदाहरण लगेच नको. त्याने उत्तर येतं, पण ०.१२५ आणि ०.३ दिल्यावर तीच चूक परत होते.

०.४ म्हणणाऱ्यांनाही कारण विचाराच. ‘अंक कमी, म्हणून संख्या मोठी’ असं मानणाऱ्यांचं उत्तर इथे योगायोगाने बरोबर येतं. त्यांच्यापुढे ०.३ आणि ०.४५ ठेवा.