कॉर्समध्ये सरसकट तारांकन नको

अरे, कुंदावाल्यांची साइट एका डोमेनवर आणि एपीआय (साइटला माहिती पुरवणारा सर्व्हर) दुसऱ्यावर, मग कॉर्स (एका डोमेनवरच्या पानाला दुसऱ्याचं उत्तर वाचू द्यायचं का, हे ठरवणारा ब्राउझरचा नियम) आडवं येणारच. पोस्टमनमध्ये (एपीआय तपासायच्या ॲपमध्ये) चालतंय म्हणून निर्धास्त राहू नकोस. अडवतो तो ब्राउझर.

सर्व्हरच्या परवानगीच्या हेडरमध्ये तारांकन (*, म्हणजे सगळ्यांना मुभा) टाकून मोकळं व्हावंसं वाटतं, पण लॉगिनची कुकी जाणार असेल तर ब्राउझर ते मानतच नाही. साइटचं नेमकं ओरिजिन (मूळ पत्ता) लिही: एचटीटीपीएस, डोमेन, वेगळा असल्यास पोर्ट. शेवटी तिरकी रेघ नको (तिच्यापायी अख्खी दुपार जाते). विनंतीत आलेलं ओरिजिन न तपासता उत्तरात परत पाठवणं तर त्याहून वाईट. परवानगीच्या यादीशी ताडून बघ, व्हेरी हेडर (उत्तर ओरिजिननुसार बदलतं, हे कॅशला सांगणारं) लाव.

जेसन (डेटा पाठवायचा एक साचा) पाठवलंस की आधी ब्राउझरकडून ऑप्शन्सची विचारणा (पाठवू का, अशी) येते, तिच्यात लॉगिनचं टोकन नसतं. म्हणून कॉर्सचं मिडलवेअर (प्रत्येक विनंतीवर आधी चालणारा कोड) लॉगिन-तपासणीच्या वर घे, नाहीतर ४०१ (लॉगिन नाही, ही एरर) ठरलेला. निपाणी शाखेचं सबडोमेन वेगळं आहे ना? तेही यादीत घाल.