संत जेरोम इतके तापट होते, तरी त्यांना संत का मानतात?

कारण संतपद म्हणजे निर्दोष स्वभावाचं प्रमाणपत्र नव्हे. चौथ्या-पाचव्या शतकातले ख्रिस्ती विद्वान जेरोम यांनी आपले दोष ओळखले, त्यांच्याशी झगडत राहिले आणि सारं आयुष्य पवित्र शास्त्राला वाहिलं, म्हणून ते संत. याचा सर्वांत चांगला पुरावा त्यांचीच पत्रं आहेत. त्यांची शिष्या युस्टोकियम हिला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की सीरियाच्या वाळवंटात उपासानं चेहरा फिका पडला होता, पण मन मात्र रोममधल्या नाचणाऱ्या मुलींभोवती घुटमळत होतं. हे विचार आवरावेत म्हणून ते धर्मांतरित ज्यू शिक्षकाकडे हिब्रू शिकायला बसले. घशातून काढायचे ते उच्चार जमेनात, कितीदा सोडलं, पुन्हा धरलं. त्याच हिब्रूच्या बळावर पुढे बेथलेहेममध्ये राहून त्यांनी बायबलच्या जुन्या कराराचा लॅटिन अनुवाद केला. 'शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान' हे त्यांचंच वचन.

राग मात्र शेवटपर्यंत पुरता गेला नाही. पुढे वैरी झालेला जुना मित्र रुफिनस वारल्यावरही त्यांनी त्याला विंचू म्हटलं, आणि हे मला आजही वाचवत नाही. त्यावर पांघरूण घालू नये.

एक गैरसमजही दूर करायला हवा: व्हल्गेट, म्हणजे बायबलचं प्रसिद्ध लॅटिन भाषांतर, संपूर्ण त्यांचं नाही. शुभवर्तमानांचा (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांचा) जुना लॅटिन पाठ त्यांनी पोप दमासस यांच्या सांगण्यावरून फक्त सुधारला. नव्या करारातली बाकीची पुस्तकं बहुधा दुसऱ्यांच्या हातची आहेत.