सोमवारच्या फोनवर आई रडते आणि मी 'मजेत आहे' म्हणतो

पत्र :
मावशी, मी वीस वर्षांचा. सातवीपर्यंत पुण्यात होतो, मग आम्ही अमेरिकेत युटाला आलो. अठराव्या वर्षी मी मॉर्मन झालो, म्हणजे येशूला मानणाऱ्या एका अमेरिकन पंथात गेलो. आता ब्राझीलला, रेसिफेमध्ये मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला आलोय. पाच महिने झाले. उन्हात चालून जीव जातो, रात्री झोप लागत नाही. कम्पॅनियन, म्हणजे जोडीचा मिशनरी, कडक शिस्तीचा, भर दुपारी एक वाजता बाहेर काढतो. मी मांस खात नाही, त्यामुळे जेवायला बोलावणाऱ्यांची पंचाईत होते. आजवर एकाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. प्रार्थना करतो, पण आतून काहीच उमटत नाही. बाबा म्हणतात, महिन्याला ५०० डॉलर भरून दारोदार फिरतोयस. गणपतीत आई फोन आरतीसमोर धरणार आहे, तेव्हा मी काय करू? माझी श्रद्धा संपली का?
– घरी पिंट्या, इथे एल्डर (आम्हा मिशनरी मुलांना असंच म्हणतात)

उत्तर :
पिंट्या, श्रद्धेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणूनच तो थोडा मागे ठेवू. अर्धपोटी, झोप न झालेल्या माणसाने त्याचा निकाल लावू नये.

रेसिफेचं ऊन पुण्यासारखं नाही आणि युटासारखं तर मुळीच नाही. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. घामातून मीठही जातं. म्हणून दिवसभरात तीन-चार लिटर पाणी पी, आणि त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू घाल. चमचा चहाचा. पाणी घरातल्या २० लिटरच्या कॅनमधलंच बाटलीत भरून ने. वाटेत शहाळं मिळतं, ते सोडू नकोस. बुटांचे दोन जोड आलटून पालटून घाल. मे ते जुलै पावसाचा जोर असतो आणि ओले मोजे दिवसभर राहिले की बोटांत चिखल्या होतात. मग चालणं लंगडतं आणि दोष मनाला दिला जातो. ताप आला तर डेंग्यू नाही असं डॉक्टर सांगेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घे. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नकोस, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता जेवण. तू बहुतेक 'नाँव कोमु कार्नि' एवढंच सांगत असशील. तिथे घोटाळा होतो, कारण ब्राझीलमध्ये 'कार्नि' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे गोमांस येतं. त्या माउली मग प्रेमाने कोंबडी करून वाढतात आणि तू ताटाकडे बघत बसतोस. पुढे जोडून सांग : 'नें फ्रांगु, नें पेइशी', म्हणजे कोंबडी नाही, मासेही नाहीत. अंडं चालत असेल तर तेही लगेच सांग, त्यांचं काम निम्मं हलकं होतं. घेवड्याच्या रश्श्यात सुकं मांस किंवा सॉसेज टाकायची पद्धत आहे, त्यामुळे 'बिन्स खातो' एवढ्याने भागत नाही. हे जेवायच्या टेबलावर बोलू नकोस. दुपारच्या जेवणाची यादी वॉर्डातली, म्हणजे तिथल्या तुमच्या मंडळीतली, जी बाई ठेवते, तिला रविवारी चर्चमध्ये सांग. तीच बाकीच्यांना कळवेल.

आणि जरा आजूबाजूला बघ रे, तू पाहुणा आहेस पण परका नाहीस. मक्याच्या पिठाचा वाफवलेला 'कुसकुस' बराचसा आपल्या उपम्याच्या वळणाचा, वर भाजलेलं 'केजु कोआल्यु' चीज. तव्यावरचा 'तापियोका' ज्या कंदाच्या स्टार्चचा होतो, त्याच कंदापासून आपला साबुदाणा बनतो. काजूचं झाड मूळचं याच भागातलं, पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणलं. उलट फणस आपल्याकडून तिकडे गेला. पाव, चावी, बटाटा, बादली हे शब्द तू जन्मापासून बोलतोयस, ते पोर्तुगीजच आहेत. फक्त 'पाँव' म्हणताना नाकातून म्हण. नुसतं 'पाउ' म्हटलंस तर अर्थ काठी होतो, आणि टवाळ पोरं त्याहून वाईट अर्थ काढतात. वयस्कर माणसांना 'व्होसे' न म्हणता 'उ सेन्योर', 'आ सेन्योरा' म्हण. अरेतुरे आणि अहोजाहो यांतला फरक तुला शिकवावा लागणार नाही. दार वाजवण्याऐवजी फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या हे आत्तापर्यंत अंगवळणी पडलं असेलच. तुमच्या पंथात कॉफी वर्ज्य, पण ती पुढे आली की नुसतं 'नको' म्हणू नकोस. तिथे कॉफी नाकारणं म्हणजे घराला नाकारणं वाटू शकतं. 'काफे घेत नाही, पण सरबत चालेल' असं म्हणून काहीतरी हातात घे.

कम्पॅनियनबद्दल माझं मत स्पष्ट आहे : तो कडक आहे, वाईट नाही. एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही या नियमात दोन तरुण मुलं महिनोन्‌महिने राहिली की खटके उडणारच. दुपारी एकचं गाऱ्हाणं रस्त्यात काढू नकोस, रात्री दमल्यावर तर नाहीच. आठवड्याच्या नियोजनानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी मोकळं बोलायला बसता, ती वेळ यासाठीच आहे. आधी त्याची एक गोष्ट मनापासून चांगली सांग. मग एकच मागणी कर, पाच नको : 'जेवणानंतरचा तास पोर्तुगीजच्या अभ्यासाला ठेवू, आणि तेवढा वेळ सकाळी ऊन चढायच्या आत बाहेर पडू.' २०१७ पासून तुमचं वेळापत्रक पूर्वीइतकं घट्ट नाही. मिशन प्रेसिडेंटच्या, म्हणजे तुमच्या तिथल्या प्रमुखाच्या, संमतीने अभ्यासाच्या वेळा जागेप्रमाणे हलवता येतात. कम्पॅनियनला हे ठाऊक नसेल, किंवा नियम मोडण्याची भीती वाटत असेल, तर दोघं मिळून विचारा. आणि दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, तेव्हा कम्पॅनियनही बदलू शकतो, हेही लक्षात असू दे.

आता श्रद्धा. प्रार्थनेनंतर छातीत काहीतरी पेटावं, अशी तुझी अपेक्षा दिसते. तुझ्याच 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स'च्या नवव्या विभागात तसं वर्णन आहे खरं. पण त्याच ग्रंथाच्या सहाव्या विभागात, तेविसाव्या वचनात, 'मी तुझ्या मनाला शांती दिली नाही का' असा प्रश्न आहे. तोही तितकाच खरा पुरावा मानला जातो. तू एकाच प्रकारच्या उत्तराची वाट बघत बसलास आणि दुसरा प्रकार तपासलाच नाहीस, असं पत्रावरून वाटतं. बाप्तिस्म्यांचा आकडा तर मनातून काढूनच टाक. तुमच्या शिकवणुकीच्या पुस्तकात यशाचं माप तुझ्या इच्छेला आणि बांधिलकीला लावलंय, कारण समोरचा माणूस हो म्हणेल की नाही हे त्याच्या हातात आहे. तुझ्या पुण्यातच १८५० च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा तुमचा मिशनरी येऊन राहिला होता. इतकं झटून त्याच्या हाती मूठभर माणसं लागली.

एक गोष्ट मात्र आजपासून बंद कर. महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासाच्या सभेत, इतरांसारखं 'एउ सेइ', मला ठाऊक आहे, म्हणत असशील, तर ठाऊक नसताना म्हणू नकोस. 'एउ क्रेयु', माझा विश्वास आहे, किंवा 'एउ इश्पेरु', मी आशा धरून आहे, एवढंच म्हण. दर महिन्याला स्वतःच्या तोंडून न पटलेलं वाक्य ऐकलं की माणूस आतून पोकळ होत जातो, आणि तू ज्याला श्रद्धा संपणं म्हणतोस त्यातला बराच भाग हाच असावा. खाणं, झोप आणि हे खरं बोलणं, तिन्ही एक बदली, म्हणजे सहा आठवडे सांभाळून बघ.

त्यानंतरही रात्र रात्र डोळा लागत नसेल, काहीच गोड लागत नसेल, तर थांबू नकोस. मिशनऱ्यांना मिळणाऱ्या पुस्तिकेत ताणाचे चार रंग दिलेत : हिरवा, पिवळा, केशरी, लाल. त्यातला तुझा रंग कोणता ते प्रामाणिकपणे ठरव. केशरीपासून पुढे असशील तर प्रेसिडेंट किंवा त्यांच्या पत्नीला फोन कर आणि समुपदेशकाची वेळ माग. तशी सोय आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार एकदा जरी आला तरी त्याच क्षणी सांग, मध्यरात्र असली तरी. घरी परतावं लागलं तर त्यात कलंक नाही. घरी राहून सेवा-मिशन करणारे तुमच्यात कितीतरी आहेत. पैशाच्या ओझ्याने तिथे अडकून राहू नकोस. ते ५०० डॉलर दर महिन्याचे असतात, मिशन थांबलं की तेही थांबतात. बाबांनाही हेच शांतपणे सांग. त्यांच्या बोलण्यात मला हिशोबापेक्षा काळजी जास्त दिसते.

राहिली आई. २०१९ च्या फेब्रुवारीपूर्वी मिशनऱ्यांना घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. आता दर सोमवारी येतो, आणि ती सोय तू 'मजेत आहे' म्हणण्यात घालवतोस. आई रडते कारण तुझा चेहरा एक सांगतो आणि तोंड दुसरंच. पुढच्या फोनवर तिला एक अवघड गोष्ट आणि एक चांगली गोष्ट सांग, दोन्ही खऱ्या. पायाला फोड आलाय, आणि काल तापियोका खाल्ला.

आरतीचं गणपतीच्या आधीच बोल, ऐन दिवशी नको. मी सांगेन ते असं : फोन बंद करू नकोस, पाठ फिरवू नकोस. तिच्यासाठी, घरासाठी हात जोडून बस. आरती म्हणणं तुला आता जमत नसेल तर म्हणू नकोस, पण का ते तिला तुझ्या शब्दांत सांग : 'आई, मी आता येशूच्या नावाने देवपित्याकडे प्रार्थना करतो, पण तुझ्या आरतीच्या वेळी मला तिथे असायचंय.' तिला वाईट वाटेल. तरी खोटं म्हटलेल्या आरतीपेक्षा हे तिला जवळचं वाटेल. आरती सहसा संध्याकाळची, आणि युटात सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तुझ्याकडे रात्रीचे दहा, तुमचा मोकळा वेळ केव्हाच संपलेला. त्या दहा दिवसांत एक सोमवार येतोच, त्या दिवशी आरती सकाळी करायला सांग.

तुझ्याकडे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात युटात सात आणि पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. पुण्यात आजी असेल तर तिलाही त्याच फोनवर घे. तिला सांग की तुमचा महिन्याचा उपास दोन जेवणांचा, पाण्याविना असतो, आणि साबुदाणासुद्धा चालत नाही. चोवीस तास निभावताना काय करायचं हे ती तुला सांगेल, आणि आजारी असताना उपास धरू नकोस असंही बजावेल. ते ऐक, तुमच्या चर्चचं म्हणणंही तेच आहे.

– मावशी