चारित्र्य पडताळणी मागितली, म्हणून नोकरी नाकारू का?

प्रश्न : बी.पी.एड. झालोय, कबड्डी खेळलोय. दोन निवासी क्रीडा अकादमींत प्रशिक्षकाची नोकरी मिळतेय. एक म्हणते, ‘उद्यापासून या.’ दुसरीला पोलिसांची चारित्र्य पडताळणी, आधीच्या दोन ठिकाणचे फोन नंबर आणि नियमावलीवर सही हवी आहे. मुलासोबत बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही, असंही त्यात आहे. हा सरळ अविश्वास नाही का? पगार सारखाच आहे.

उत्तर : दुसरीकडे जा. पगार थोडा कमी असता तरी हेच सांगितलं असतं.

तुम्हाला लागलं, ते समजतं. पण ही मागणी तुमच्यापुरती नाही. पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांच्या संस्थेने शिपाई, आचारी, ड्रायव्हर धरून सगळ्यांची पडताळणी करायची असते. बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ च्या लैंगिक अत्याचार प्रकरणात आरोपी सफाई कर्मचारी होता.

तरी खरं सांगू? दाखल्यात फक्त पोलिसांत नोंद झालेलंच दिसतं, आणि बहुतेक प्रकरणं तिथवर पोचतच नाहीत. म्हणून मला ती सहीची पानं जास्त मोलाची वाटतात. प्रशिक्षकाच्या हातात केवढी सत्ता असते, ते तुम्ही मॅटवर पाहिलंच असेल. संघात नाव घालायचं की नाही, तो ठरवतो. गैरफायदा घेणारा आधी एकाच पोराला नवे बूट देतो, रात्री त्याला वेगळे मेसेज करतो, मांडी आखडली म्हणून खोलीत बोलावून मालीश करतो. मग पोरगं घरी काय सांगणार? ‘सर खूप जीव लावतात.’ मालीश चारचौघांत, मेसेज पालकांसह ग्रुपवर, बाहेरगावच्या स्पर्धेत सरांची खोली वेगळी, एवढं पाळलं तरी अशा माणसाला आडोसा उरत नाही. उद्या कुणी तुमच्यावर खोटा आळ घेतला, तर हेच नियम तुमच्या बाजूने उभे राहतील.

मुलाखतीत एक विचारा : मुलाने काही सांगितलं तर तुम्ही काय करता? ‘आधी आतल्या आत चौकशी करतो’ असं उत्तर आलं, तर सावध व्हा. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, तुमच्यावरही. संस्थाप्रमुखाने दडपलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाला खोदून खोदून विचारू नका, ऐकून घ्या आणि कळवा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. वेळ लागतो, तेव्हा आजच भरा. आणि त्या ‘उद्यापासून या’वाल्यांना नकार कळवताना कारणही कळवा.