मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची (डेटाबेस प्रोग्राम) फाईल 'आधीच वापरात आहे' म्हणून उघडत नाही आणि साईज वाढतच चाललीय, काय करू? (उद्यमनगर, तीन पीसी, शेअर्ड फोल्डर)

भावा, आधी काहीही करायच्या अगोदर फाईलची कॉपी काढून पेनड्राइव्हवर ठेव, रिपेअर त्यानंतर.

आता लॉकचं, म्हणजे फाईल वापरात असल्याच्या खुणेचं बघ. फाईल कुणी उघडली की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, शेवटी एलएसीसीडीबी असलेली छोटी फाईल तयार होते, ती नोटपॅडमध्ये उघडलीस तर कुठल्या कॉम्प्युटरचं नाव अडकलंय ते दिसतं. उद्यमनगरात लाईट गेली की हे हमखास होतं, पीसी मध्येच बंद पडतो आणि लॉक तसंच राहतं. तिन्ही पीसीवर ॲक्सेस बंद कर, मगच ती छोटी फाईल डिलीट कर, चालू असताना अजिबात नको. आणि फोल्डरला फाईल तयार करायची नि डिलीट करायची परमिशन सगळ्यांना आहे का बघ, नसेल तर पहिला उघडतो आणि बाकीचे बाहेर राहतात.

साईजचं म्हणशील तर रेकॉर्ड डिलीट केले तरी जागा मोकळी होत नाही, ॲक्सेसच्या डेटाबेस टूल्समध्ये जाऊन कॉम्पॅक्ट अँड रिपेअर करावं लागतं, तेव्हा ती रिकामी जागा निघते. लिमिट २ जीबी आहे, तिथवर जाऊच देऊ नको.

खरा इलाज म्हणजे फाईल स्प्लिट कर, टेबलं शेअर्ड फोल्डरमध्ये आणि फॉर्म, रिपोर्ट प्रत्येकाच्या पीसीवर. तिघांनी एकच फाईल उघडायची सवय मोडच. आणि वायफायवर चालवत असशील तर केबल टाक, कनेक्शन मध्येच तुटलं की फाईल करप्ट होते आणि वर्षाचा स्टॉकचा डेटा जातो रे.